दोन फुटांना एक सूत

बोरिवली,
९ फेब्रुवारी १९५६

सप्रेम नमस्कार वि. वि.

तुमचं कोलंबोहून टाकलेलं पत्र काल मिळालं. आईंना वाचून दाखवलं. मधला एक परिच्छेद गाळला, तो कुठला ते तुम्हाला ठाऊक आहे. आई म्हणाल्या, "मधेच का गं थांबलीस?" मी म्हटलं, शाई पसरलीय. त्या म्हणाल्या, "दर पत्रात तिथेच बरी पसरते."

आता एक गोष्ट सांगते, हसायचं नाही. परवा हळदीकुंकवाला शेजारच्या कुंदाने विचारलं, "तुझे हे बोटीवर असतात, म्हणजे नेमके कुठे असतात?" मी म्हटलं, वायरलेसच्या खोलीत. "ती कुठे असते?" मला सांगताच येईना. वर की खाली, पुढे की मागे, काही नाही. कुंदाचे यजमान पोस्टात आहेत. ते कुठल्या खिडकीशी बसतात, वारा कुठून येतो, सगळं तिला पाठ. डबा घेऊन जाते ना ती! मी डबा घेऊन कुठे जाऊ?

लग्नाला सव्वा वर्ष झालं आणि त्यातले तुम्ही घरी किती होतात ते मोजायला गेलं की मला राग येतो, म्हणून मोजत नाही. पण तुम्ही जिथे असता ती जागा तरी मला माहीत हवी की नको?

म्हणून मी तुमची 'रत्नप्रभा' लाकडात करायला घेतली आहे. वाडीच्या कडेचा पांगारा पाडला, त्याचा एक ओंडका मागून आणला. माझ्या माहेरी सावंतवाडीला खेळणी पांगाऱ्याचीच करतात, हलकं आणि मऊ लाकूड. मी कधी केली नाहीत, पण होताना पुष्कळ पाहिलीत. समोरच्या भाऊंनी त्यांची गणपतीच्या मखराची बारीक करवत आणि एक पटाशी दिली. म्हणाले, "सूनबाई, बोट सांभाळा." मी म्हटलं, "तीच तर करायचीय." मग कळलं, ते हाताच्या बोटाबद्दल बोलत होते.

तर आता बोट कशी असते ते लिहून पाठवा. सगळं लिहा. तुम्ही झोपता कुठे, जेवता कुठे, उभे कुठे राहता. मला फोटो नको. फोटोत बाहेरून दिसतं.

आईंचे आशीर्वाद.

तुमची,
उत्तरा

•

एडन,
३ मार्च १९५६

प्रिय उत्तरा,

हसलो नाही. म्हणजे हसलो, पण तू पाहिलं नाहीस.

आमचा धाकू, इथे जेवणखाण बघतो तो मालवणी पोरगा, माझ्या हातात पत्र पाहून म्हणाला, "सायब, वहिनींनी काय लिवल्यानी?" सांगितलं. तेव्हापासून तो येताजाता विचारतो, "आमची बोट खंयसर इली?" म्हणजे कुठवर आली. तेव्हा आता मागे फिरू नकोस, माझी अब्रू जाईल.

पहिली गोष्ट, ओला पांगारा कोरू नकोस. सावलीत वाळू दे, नाहीतर तडकेल. दुसरी गोष्ट म्हणजे माप. 'रत्नप्रभा' चारशे फुटांची आहे. दोन फुटांना एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, धर. म्हणजे तुझी बोट दीड हाताला थोडी कमी भरेल, खिडकीच्या कट्ट्यावर मावेल. सगळ्याला हेच माप लाव, डोलकाठीला, धुरांड्याला, होड्यांना. एक गोष्ट जरी मनाने मोठी केलीस तर सगळी बोट खोटी दिसते.

आता जागा. बोटीच्या मधोमध घरासारखा भाग आहे, मजल्यावर मजला. सर्वांत वर कप्तानाची जागा. तिच्या मागे धुरांडं. त्या दोन्हींच्या मध्ये, उजव्या हाताला एक खोली, एक दार, एक गोल खिडकी. ती माझी. झोपण्याची जागा तिलाच लागून, पलंग म्हणण्याइतका रुंद नाही, फळीच ती. तिथून पाय लांब केले की दाराला लागतात. सकाळचं ऊन येतं ते बोट कुठल्या दिशेला चालली आहे त्यावर. मुंबईकडे येत असलो की उन्हं पुढून, आणि मग ती खिडकीतून तिरपी येऊन उशीवर पडतात. ती मला आवडतात.

सोबत आकृती काढली आहे, वरून आणि बाजूने. तुझ्यासाठी फुली मारली आहे, ती मी.

तुझा,
विद्याधर

•

बोरिवली,
११ एप्रिल १९५६

सप्रेम नमस्कार वि. वि.

तुमचं पत्र यायच्या आधीच पांगारा तडकला.

मी पुढची नाळ चांगली टोकदार कोरली होती, आतून पोखरून झालं होतं. मग उन्हात ठेवली, लवकर वाळावी म्हणून. दुपारी परसात टाळीसारखा आवाज झाला. जाऊन पाहते तर पुढून मागपर्यंत उभी भेग, आत बोट जाईल एवढी. मी तिथेच बसून रडले. आई आल्या. मला वाटलं, आता म्हणतील सोड हा नाद. त्या भेगेत बोट घालून म्हणाल्या, "बोट अशीच करतात का गं? एका ओंडक्याची?" मी म्हटलं, माहीत नाही. "मग विचार की. तुझा नवरा बोटीवरच आहे."

विचारायची गरज पडली नाही, दुसऱ्या दिवशी तुमची आकृती आली. आता खऱ्या बोटीसारखी करते आहे. तळाला कणा, त्यावर फासळ्या, वरून पट्ट्या. फासळ्या चहाच्या खोक्याच्या पातळ फळीतून कापल्या. तुमच्या आकृतीवर खाकी कागद ठेवून एकेक उतरवून घेतली. पट्ट्यांसाठी वखारीतून देवदारी खोक्याच्या फळ्या चिरून आणल्या. वखारवाला विचारत होता, कशाला एवढ्या बारीक? मी म्हटलं, चारशे फुटी बोट करायचीय. त्याने करवत उचलली.

पट्टी कढत पाण्यात ठेवली की वेतासारखी वाकते. ती फासळ्यांवर धरायची, सरस लावायचा, टाचण्या ठोकायच्या आणि श्वास रोखून धरायचा. सरस मात्र जनावराचा, त्याला वास येतो. आईंनी घरात शिजवायला मनाई केली. मागच्या दारी शेगडीवर डबा ठेवते, आणि प्रत्येक वेळी हात धुवून मगच आत. वाडीतल्या कुत्र्यांना मात्र माझा फार लळा लागला आहे.

पण एक घोटाळा आहे. मी उजवी बाजू पुरी लावून काढली, कारण तुमची खोली उजवीकडे. आणि आता सगळी बोटच उजवीकडे वळते आहे, केळ्यासारखी! काय चुकलं?

आणि अजून एक. खोली कळली, फळी कळली, ऊन कळलं. तुम्ही दिवसभर कानाला ते लावून बसता, त्यात ऐकू काय येतं? ते मला लाकडात करता येणार नाही, पण ठाऊक असू दे.

तुमची,
उत्तरा

•

पोर्ट सैद,
६ जून १९५६

प्रिय उत्तरा,

चूक एवढीच, की तू एका बाजूचंच बघितलंस. पट्टी वाळताना ओढ धरते. उजवीकडे एक लावलीस की लगेच डावीकडे तिची जोडीदार लाव. एक इकडे, एक तिकडे. आत्ता लावलेल्या पट्ट्या कोमट पाण्याच्या फडक्याने सोडव, सरस सुटतो. घाई करू नकोस.

काय ऐकू येतं? पहिल्यांदा नुसती किरकिर, रानात रातकिडे असतात तशी. नवख्याला दुसरं काहीच कळत नाही. मग हळूहळू त्यातून एक आवाज वेगळा होतो, कडकट्ट, कडकट्ट. कुणीतरी कुणाला तरी हाक मारत असतं. तार ठोकण्याचा प्रत्येकाचा हात निराळा असतो, उत्तरा. कोण घाईचा, कोण आळशी, कोण आज घरी भांडून आला आहे, सगळं कळतं. मुंबईच्या वायरलेस स्टेशनावर एक जण आहे, त्याला मी कधी पाहिलेलं नाही, पण तो दोन शब्दांच्या मध्ये किंचित थांबतो, पान तोंडात असल्यासारखा. परत येताना अरबी समुद्रात त्याचा तो थांबा पहिल्यांदा ऐकू आला की मी कानावरचं आणखी घट्ट दाबून धरतो. मुंबई दिसायला अजून पुष्कळ अवकाश असतो. पण मी घरी आलेला असतो.

तेव्हा मनात येतं, की तिथून पुढे बोरिवली किती जवळ! आणि तरी तुझा आवाज मात्र ह्यात येत नाही.

आज डोकं जड आहे, अंगात कणकण आहे. उन्हाचं असेल. धाकू कसला तरी काढा करून देतो आहे, चव तुझ्या सरसासारखी असावी.

तुझा,
विद्याधर

•

बोरिवली,
१४ ऑगस्ट १९५६

सप्रेम नमस्कार वि. वि.

जूनच्या पत्रानंतर तुमचं काही नाही. मी तीन पत्रं टाकली, ती मिळाली का? वर्तमानपत्रात रोज सुवेझ कालव्याची बातमी असते. भाऊ मोठ्याने वाचतात आणि आई मग जेवत नाहीत. मी त्यांना सांगते की कालव्याचं भांडण सरकारांचं आहे, बोटींना कुणी काही करत नाही. मला खरं ठाऊक नाही.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे एक इकडे, एक तिकडे करत गेले. केळं सरळ झालं. आता बोट बोटीसारखी दिसते! काचकागदाने घासते आहे. घासून झालं की डोळे मिटून हात फिरवायचा, हाताला जे टोचतं ते डोळ्यांना दिसत नाही. मागच्या टोकाला मात्र पट्ट्या बसत नाहीत. तिथे एकदम दुहेरी वळण आहे, वाकवली की सुटते, जास्त वाकवली की मोडते. ते राहू दिलं आहे आणि वरचं घर करायला घेतलं आहे. तुमची खोली पहिली केली. काड्यापेटीएवढीसुद्धा नाही. आत एक फळी बसवली.

धुरांड्याचा रंग कोणता? दोन ओळी लिहा. रंगच लिहा नुसता.

तुमची,
उत्तरा

•

जिनोआ,
१० सप्टेंबर १९५६

प्रिय उत्तरा,

तुझी पत्रं सगळी एकदम मिळाली. काळजी करू नये. बोट इथे दुरुस्तीला लागली आहे, तिला बरेच दिवस लागतील. पत्र आता सोबत दिलेल्या एजंटाच्या पत्त्यावर टाक, म्हणजे हमखास मिळेल.

धुरांडं काळं, मध्ये पिवळा पट्टा.

मागच्या टोकाला पट्टी सबंध वाकवू नकोस. निमुळती कापून घे, मग वळेल.

मी बरा आहे. इथे फारसं काम नाही. बसून तुझा आवाज आठवतो. तू "अय्या, खरंच?" म्हणतेस तेव्हा "अय्या" वर जातं आणि "खरंच" खाली येतं, असंच ना? परवा मला वाटलं, उलटं आहे. मग दिवसभर बेचैन होतो. कसं आहे ते लिही.

आईला नमस्कार.

विद्याधर

•

बोरिवली,
२ ऑक्टोबर १९५६

सप्रेम नमस्कार वि. वि.

पत्र आलं, आई जेवल्या.

"अय्या" वर जातं, "खरंच" खाली येतं. बरोबर आहे. कुंदाकडून खात्री करून घेतली, तिच्यासमोर चारदा म्हणून दाखवलं. ती म्हणाली, वेडे आहात दोघं. मी हे पत्र उशीखाली ठेवलं आहे. असं कुणी कुणाला विचारत असेल का हो? बंदरात काम नसताना तुम्ही असे होत असाल तर तुमची बोट वरचेवर बिघडू दे.

अजूनही लिहून ठेवते, पुन्हा बेचैन व्हायला नको. दूधवाल्याला मी "जरा थांबा हं" म्हणते ते एका दमात. आईंना "आले आले" म्हणते त्यातलं दुसरं "आले" लांब. आणि तुम्हाला हाक मारते ती "अहो", त्यातला "हो" मी जवळजवळ गिळते, समोर कुणी असलं तर.

धुरांडं रंगवलं. पट्टा हळदीचा पिवळा झालाय, चालेल ना?

बोट नीट झाली की तिथून कुठे जाणार ते कळवा.

तुमची,
उत्तरा

•

बोरिवली,
२१ नोव्हेंबर १९५६

सप्रेम नमस्कार.

सोमवारी सकाळी भाऊ वर्तमानपत्र घेऊन धावत आले. बंदरात लागलेल्या बोटींची नावं येतात त्यात 'रत्नप्रभा' होती. अलेक्झांड्रा डॉक. मी म्हटलं, असं कसं, ती तर जिनोआला आहे. आई म्हणाल्या, "अगं, तुला चकित करायचं असेल त्याला. चालला असेल घरी." आम्ही दुपारपर्यंत वाट पाहिली. आईंनी शिरा केला. तुम्ही आला नाहीत. मग मला वाटलं, कामातून सुटका होत नसेल, आपणच जावं.

हिरवं पातळ नेसले. बोट जुन्या धोतरात गुंडाळून घेतली, मागचं टोक अजून उघडंच आहे तिचं, तरी घेतली. तुमच्या हातात द्यायची होती. डॉकच्या फाटकावर पोलिसाने अडवलं, गाठोड्यात काय आहे? सोडून दाखवलं. तो बघतच राहिला. म्हणाला, "बाई, ही तर आत उभी आहे!" त्यानेच आत निरोप पाठवला.

धाकू आला. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं, तरी ओळखलं. मला बघून त्याचा चेहरा उतरला. मी म्हटलं, "साहेब आहेत ना वर?" तो म्हणाला, "वहिनी, तुमका ठाव नाय?"

मग त्याने सांगितलं. पोर्ट सैद सुटल्यावर तुमचा ताप चढला. तुम्ही कुणाला ओळखेनात. जिनोआला तुम्हाला इस्पितळात उतरवलं आणि बोट तुमच्यावाचून पुढे गेली. "जीव वाचलो, वहिनी. पण मागसून चिठी इली, कानांनी कायच आयकाक येना. कायच."

मी म्हटलं, मला बोट बघायची आहे.

सगळं तसंच आहे. जिन्याने वर, कप्तानाची जागा, मागे धुरांडं, उजवीकडे एक दार, एक गोल खिडकी. मला कुणी वाट दाखवावी लागली नाही, मीच पुढे आणि धाकू मागे. दार उघडं होतं. आत तुमच्या खुर्चीवर एक दुसरा माणूस बसला होता.

तो भला आहे. लगेच उठून उभा राहिला. मी विचारलं, "मी एकदा कानाला लावून बघू का?" त्याने ते दोन्ही फोन माझ्या कानांवर ठेवले. किरकिर होती, तुम्ही लिहिली होतीत तशी. मी बराच वेळ उभी राहिले. मग तिच्यातून एक आवाज वेगळा झाला. कुणीतरी कुणाला तरी हाक मारत होतं.

तुमच्या झोपायच्या फळीवरही बसले. पाय लांब केले. माझे दाराला लागत नाहीत.

बाहेर आले तर धाकूने बोट मालाच्या खणाच्या झाकणावर मांडून ठेवली होती आणि चारपाच खलाशी भोवती. एक म्हणाला, पुढचा भाग जरा उंच झालाय. दुसरा म्हणाला, धुरांडं झकास! मी रडले नाही. डॉकमध्ये रडायला जागाच नसते. घरी येऊन आईंना सांगितलं आणि मग दोघी रडलो.

तुम्ही बोट दुरुस्तीला लागली म्हणून लिहिलंत. मी उशीखाली ठेवलं ते पत्र. आवाज आठवत बसता म्हणालात, आणि मी कुंदासमोर "अय्या अय्या" करत हसत होते. मला एवढं का वगळलंत? मी काय फक्त रंग विचारायला आहे?

उत्तर द्या.

उत्तरा

•

जिनोआ,
१२ डिसेंबर १९५६

उत्तरा,

धाकू म्हणाला ते खरं आहे. कंपनीला मीच सांगितलं होतं की घरी मी कळवीन. रोज कागद घ्यायचो आणि तसाच ठेवायचो.

इथल्या डॉक्टरने पाटीवर लिहून दाखवलं, की आतली नसच मेली आहे, उपाय नाही. मी आणखी एकाकडे गेलो. त्यानेही तेच लिहिलं. आता खलाशांच्या वसतिगृहात राहतो. खिडकीतून बंदर दिसतं. क्रेन हलतात, माणसं तोंडं उघडतात, बोट भोंगा देते तेव्हा वाफ दिसते. सगळं काचेच्या पलीकडे असल्यासारखं.

मला दुसरं काही येत नाही. ऐकणं हेच माझं काम होतं.

पण मी येत नाही ते त्यासाठी नाही, ते एकदा लिहून टाकतो. इथे तुझी पत्रं येतात. ती वाचताना तू बोलतेस. दूधवाल्याला, आईला, मला. तू "जरा थांबा हं" लिहिलंस ना, ते मी ऐकलं. घरी आलो की पत्रं थांबतील. तू समोर असशील, तुझे ओठ हलतील आणि तू मुकी होशील. समुद्रात होतो तेव्हा तुझ्यापासून लांब होतो, ते मी सोसलं, कारण परत येणं होतं. समोर बसून लांब राहिलो तर मग परत कुठे येऊ?

लंडनला एक मोठा डॉक्टर आहे म्हणतात. तिकडे जावं असं आहे. तू काही दिवस सावंतवाडीला जाऊन ये.

विद्याधर

•

बोरिवली,
३ जानेवारी १९५७

सप्रेम नमस्कार वि. वि.

मी सावंतवाडीला जाणार नाही.

तुमचं पत्र आईंना सबंध वाचून दाखवलं, ह्या वेळी काही गाळलं नाही. त्या म्हणाल्या, "त्याला लिही, मी त्याच्याशी तो पाळण्यात असताना बोलत होते, तेव्हा त्याला काय कळत होतं?" एवढंच बोलल्या आणि उठून तांदूळ निवडायला बसल्या.

माझं असं आहे. लंडनच्या डॉक्टरकडे जायचं तर जा. पण आधीच्या दोघांनी जे लिहून दिलं तेच तो तिसरा लिहून देईल, हे तुम्हाला ठाऊक आहे. आणि पत्रं थांबतील हे तुम्ही ठरवलंत, मी नाही. माझ्याकडे शाई आहे. तुम्ही माजघरात असाल तर मी स्वयंपाकघरातून लिहीन.

इतके महिने मी ज्या खोलीत तुम्ही आहात म्हणून फळी बसवली, तिथे तुम्ही नव्हतात. आता ती बोट माझ्याच्याने पुढे होत नाही. मागची बाजू उघडी आहे तशीच आहे. हात लावायला गेले की तो दुसरा माणूस खुर्चीवर दिसतो.

मला तुम्ही कुठे आहात हे माहीत असायला हवं. एवढं एकच मी पहिल्यापासून मागते आहे.

या.

उत्तरा

•

डर्बन,
२० फेब्रुवारी १९५७

प्रिय उत्तरा,

कालवा बंद, म्हणून सगळ्या आफ्रिकेला वळसा घालून येतो आहे. उतारू म्हणून. बोटीवर मला काही काम नाही ही गोष्ट अंगवळणी पडत नाही. सकाळी उठून वायरलेसच्या खोलीपर्यंत जातो आणि परत फिरतो.

बंदरावर येऊ नकोस. घरी भेट.

विद्याधर

•

(वहीचा फाडलेला कागद)

बोरिवली, २६ मार्च

तुम्ही येऊन आठवडा झाला आणि पहिल्या दिवसानंतर तोंडातून एक शब्द काढला नाहीत. सगळं मानेने. आईंना वाटतं, तुम्ही रागावला आहात. मला काय वाटतं ते मी लिहीत नाही, तुम्हीच लिहा.

उ.

•

(त्याच कागदाच्या मागे)

रागावलो नाही. पहिल्या दिवशी मी "आई, मी आलो" म्हणालो तेव्हा ती दचकून मागे सरली. तुझ्याही चेहऱ्यावर दिसलं. म्हणजे मी ओरडलो असणार. दुसऱ्यांदा हळू बोललो तर कुणाला कळलंच नाही. माझा आवाज कुठे जातो, केवढा होतो, मला काही समजत नाही. डोळे मिटून करवत चालवल्यासारखं आहे. त्यापेक्षा गप्प बरा.

तुझी बोट पाहिली. पुढचा भाग खरंच उंच झाला आहे. पण खोली बरोबर आहे.

मागचं टोक मी करून पाहू का?

वि.

•

बोरिवली,
१५ एप्रिल १९५७

सप्रेम नमस्कार वि. वि.

तुम्ही परसात बसला आहात, मी ओट्याशी उभी राहून लिहिते आहे. आमटी उतू गेली तर तुमच्यामुळे.

काल दुपारी काय झालं ते तुम्हाला अर्धंच ठाऊक आहे. उरलेलं अर्धं सांगायलाच हवं.

तुम्ही मागची दुहेरी वळणाची पट्टी बसवत होतात. दोन्ही हातांनी दाबून धरली होतीत, सरस ओला, आणि टाचणी घरंगळून लांब गेली. हात सोडला तर पट्टी सुटणार. लिहायला हात रिकामा नाही, मान हलवायला समोर कुणी नाही. आणि तुम्ही मला हाक मारलीत.

"उत्तरा!"

सबंध वाडीने ऐकली. पाडलेल्या पांगाऱ्याच्या उरलेल्या बुंध्यावरचे कावळे उडाले. कुंदा हातातलं वाळवण तसंच टाकून धावत बाहेर आली. भाऊ दाढी करत होते, त्यांना जरासं लागलंय. आई आत जप करत होत्या. आईंच्या देखत तुम्ही माझं नाव कधी घेतलं नव्हतंत, "अगं" म्हणून भागवायचात. त्यांनी माळ खाली ठेवली आणि मला म्हणाल्या, "जा की गं, बोलावतोय तो."

मी पिठाच्या हातांनी धावले. पट्टीच्या टोकावर बोट ठेवलं, दुसऱ्या बाजूने तुम्ही धरली होतीत. सरस वाळेपर्यंत हलायचं नव्हतं. तुमचं तोंड माझ्यापासून वीतभर. तुम्ही म्हणालात, "हळू. आता सोडू नकोस." ते मोठ्याने नव्हतं, उत्तम होतं. तुम्ही स्वतःच दचकलात आणि माझ्या तोंडाकडे बघायला लागलात, मी दचकले की काय म्हणून. मला तेव्हा काही सांगता येईना, माझेही हात अडकले होते. आणि तुम्हाला वाटलं, मी रडते ती आवाजामुळे.

आवाजामुळेच. पण तुम्हाला वाटलं तसं नाही.

मी इतके महिने लाकडातून, कागदातून, कुणाच्या कानातल्या किरकिरीतून तुम्हाला शोधत होते. काल तुम्ही परसातून मला हाक मारलीत आणि मी उंबरा ओलांडून आले, एवढंच अंतर होतं. कुंदा येऊन विचारत होती, "काय गं, काय झालं?" मी म्हटलं, काही नाही, बोलावलं मला.

केवढ्याने बोलायचं त्याची चिंता सोडा. मी खूण करीन, हात खाली केला की हळू, वर केला की मोठ्याने. बाकी सगळं सवयीने येईल. वाडीलाही होईल सवय.

तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून एक गोष्ट मलाच कळवावी लागते आहे. तुमचा आवाज तसाच आहे. "उ" जरा लांबवता आणि "रा" अर्धवट सोडून देता, पूर्वीसारखंच. काही बदललेलं नाही.

पान वाढलं आहे. हा कागद तुमच्या हातात देऊन मी परत आत येणार आहे.

तुम्ही तिथूनच हाक मारा.

तुमची,
उत्तरा